अवजड मालवाहू विमानाची वाट भट्टीतून

उरला (रायपूर) : छत्तीसगडच्या राजधानीला लागून असलेल्या उरला औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळवण्याचे आणि लाटण्याचे काम दिवसरात्र चालते. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल, ओतशाळा ही या वसाहतीची ओळख. येथली सळई, अँगल आणि चॅनेल इमारतींत, पुलांत, वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांत जातात. विमान हा या वसाहतीचा विषय नव्हे. तरीही भारताने स्वतःचे अवजड लष्करी मालवाहू विमान विकसित करावे काय, आणि करायचे तर आरंभ कोठून करावा, या प्रश्नाचा माग काढत गेले की तो अशाच भट्ट्यांच्या दारापाशी येऊन पोहोचतो. विमान जोडण्याची विद्या भारताने बऱ्यापैकी हस्तगत केली आहे. ते ज्या धातूपासून घडते आणि ज्या इंजिनाच्या बळावर उडते, त्या दोन गोष्टींत मात्र देश अजून परावलंबी आहे.

ताफा आणि त्याचे वय

भारतीय हवाई दलाच्या मालवाहू ताफ्यात आज चार-पाच प्रकारची विमाने आहेत. सर्वांत वरच्या टोकाला अमेरिकेची सी-१७ ग्लोबमास्टर. सुमारे ७५ टन भार वाहणारी ही विमाने २०१३ पासून हिंडन तळावर दाखल झाली आणि २०१९ मध्ये आलेल्या अकराव्या विमानाने ती संख्या पूर्ण झाली. त्यांच्या खालोखाल रशियन बनावटीची आयएल-७६. हवाई दलात ‘गजराज’ या नावाने ओळखले जाणारे हे विमान १९८५ मध्ये सेवेत आले. सुमारे ४५ टन वाहून नेणारी अशी १७ विमाने घेण्यात आली होती. मधल्या फळीत १२ सी-१३०जे आहेत, तर रोजच्या राबत्याचा मोठा बोजा १९८४ पासून सेवेत असलेली, सुमारे शंभराच्या संख्येतील एएन-३२ विमाने वाहतात. बडोद्याच्या जुळणी प्रकल्पामुळे परिचित झालेले सी-२९५ हे विमान पाच ते दहा टन क्षमतेचे असून जुन्या अॅव्हरो विमानांची जागा घेण्यासाठी निवडले गेले आहे.

या यादीतील वय पाहिले की चित्र स्पष्ट होते. गजराज चाळिशी ओलांडत आहे. एएन-३२ त्याहून थोडे थोरलेच. सी-१७ तरुण आहे, परंतु पहिल्या तुकडीतील विमाने २०४३ मध्ये तिशी गाठतील. लष्करी विमान विकसित करून सेवेत आणण्यास दहा ते पंधरा वर्षे लागतात, हा जगभरचा अनुभव. म्हणजे २०४० नंतर अवजड भार कशातून न्यायचा, याचा निर्णय २०४० मध्ये घेऊन चालणार नाही.

गरज भूगोलाने लादलेली

मालवाहू विमान ही भारतासाठी हौस नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरलेल्या सैनिकांमुळे काश्मीर खोरे वाचले. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवली आणि लडाखला हवाई मार्गाने रसद पोहोचू शकते हे सिद्ध केले. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला पोहोचवले. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून निघालेल्या आयएल-७६ विमानांनी दोन हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून मालदीवमध्ये छत्रीधारी सैनिक उतरवले आणि तेथील बंड मोडले गेले.

अलीकडचे उदाहरण गलवानचे. जून २०२० च्या संघर्षानंतर हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक सैनिक, सुमारे ९० रणगाडे आणि अन्य शस्त्रसामग्री पूर्व लडाखमध्ये नेल्याची माहिती संरक्षण सूत्रांनी २०२३ मध्ये दिली होती. ४५ टनांहून अधिक वजनाचा टी-९० रणगाडा सी-१७ मधून एका फेरीत एकच जातो. याच अनुभवातून डोंगराळ प्रदेशासाठी २५ टनांचा ‘झोरावर’ हा हलका रणगाडा साकारला. सी-१७ त्याचे दोन नग नेऊ शकते. सी-१३०जे ची वहनक्षमता मात्र वीस टनांच्या आसपास संपते, म्हणजे तिला हा रणगाडा पेलत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हवाई दलाने १८ ते ३० टन क्षमतेच्या मध्यम मालवाहू विमानासाठी माहिती मागवली, तिच्यामागे हीच गणिते आहेत.

उंचीचा हिशेब वेगळा करावा लागतो. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०,६०० फुटांहून अधिक उंचीवर आहे, दौलत बेग ओल्डीची सुमारे १६,६०० फुटांवर. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांखालचा आधार कमी होतो आणि धावपट्टीवरची धाव लांबते. कागदावर ४५ टन वाहणारे विमान तेथून तेवढे घेऊन उडू शकत नाही. म्हणून भारताला लागणारे विमान दुसऱ्या कोणाच्या सपाट प्रदेशासाठी आखलेल्या विमानापेक्षा अधिक ताकदीचे असावे लागते. स्वतःच्या आराखड्याचा आग्रह धरण्याचे हे सर्वांत सबळ कारण.

विकत घेण्याची वाट अरुंद

पैसे मोजले की विमान मिळते, हा समज या वर्गात खरा उरलेला नाही. सी-१७ चे उत्पादन कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे २०१५ मध्ये थांबले. एकूण २७९ विमाने बनली. भारताला मिळालेले अकरावे विमान हे विक्रीविना उरलेले शेवटचे होते. २०२५ च्या पॅरिस विमानप्रदर्शनात बोइंगने उत्पादन पुन्हा सुरू करण्याबाबत प्राथमिक बोलणी चालू असल्याचे सांगितले, मात्र विखुरलेली पुरवठा साखळी पुन्हा उभी करणे हे नव्या विमानाइतकेच कठीण काम आहे.

आयएल-७६ ची कथा अधिक बोलकी आहे. भारताची ही विमाने आजच्या उझबेकिस्तानातील ताश्कंदच्या कारखान्यात बनली. सोव्हिएत संघ विरघळला आणि कारखाना एका देशात, आराखडा दुसऱ्या देशात अशी स्थिती झाली. रशियाला हे उत्पादन वोल्गाकाठच्या उल्यानोव्स्क येथे नव्याने उभारावे लागले. तेथील सुधारित विमानाने २०१२ मध्ये पहिले उड्डाण केले, पण उत्पादनाचा वेग मंदच राहिला. एएन-३२ चे आराखडे युक्रेनचे. त्या विमानांच्या आधुनिकीकरणासाठी २००९ मध्ये युक्रेनशी सुमारे ४० कोटी डॉलरचा करार झाला. काही विमाने तेथे सुधारून आली, उरलेल्यांचे काम कानपूरच्या दुरुस्ती तळावर व्हायचे होते. २०१४ नंतर रशिया आणि युक्रेन यांचे संबंध तुटले, सुट्या भागांची साखळीही तुटली. जो देश विमान बनवत नाही, त्याच्या ताफ्याचे आयुष्य दुसऱ्यांच्या भांडणांवर ठरते, हा धडा भारताने दोनदा घेतला आहे.

आधीचे प्रयत्न

भारताने प्रयत्न केले नाहीत असे नाही. कानपूरमध्ये परवान्याखाली बनलेल्या अॅव्हरो विमानाने १ नोव्हेंबर १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. अशी ८९ विमाने तेथे तयार झाली. त्यातून पुढचे देशी विमान जन्माला आले नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे ‘सरस’ हे छोटे विमान मे २००४ मध्ये झेपावले, ६ मार्च २००९ रोजी चाचणीत कोसळले आणि तीन जणांचे प्राण गेले. प्रकल्प त्यानंतर बराच काळ रेंगाळला.

रशियाबरोबर २० टन क्षमतेचे मालवाहू विमान संयुक्तपणे विकसित करण्याचा करार २००७ मध्ये झाला. २०१० मध्ये संयुक्त कंपनी स्थापन झाली. भारताने ४५ आणि रशियाने १०० विमाने घ्यावीत, दोघांनी खर्च निम्मा-निम्मा उचलावा असे ठरले. इंजिनाची निवड, आराखड्यातील वाटा आणि खर्च यांवर मतभेद वाढत गेले आणि २०१६ मध्ये प्रकल्प गोठला. दहा वर्षांत धातूचा एक तुकडाही विमान म्हणून उभा राहिला नाही.

या पार्श्वभूमीवर बडोद्याचे यश मोठे आहे. सप्टेंबर २०२१ च्या २१,९३५ कोटी रुपयांच्या करारानुसार ५६ पैकी १६ सी-२९५ विमाने स्पेनमधून तयार आली, उरलेली ४० टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्सच्या बडोदा केंद्रात बनायची आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी या केंद्राचे उद्घाटन केले. करारानुसार भारतात बनलेले पहिले विमान सप्टेंबर २०२६ मध्ये आणि शेवटचे ऑगस्ट २०३१ पर्यंत अपेक्षित आहे. स्पेनमध्ये एका विमानासाठी होणाऱ्या श्रमतासांपैकी ९६ टक्के काम भारतात होईल, असे संरक्षण मंत्रालयाने म्हटले होते. तेरा हजारांहून अधिक सुटे भाग येथे घडवण्याची योजना आहे. मात्र आराखडा एअरबसचा आहे आणि इंजिन परदेशी आहे. श्रमतासांचे स्वदेशीकरण आणि ज्ञानाचे स्वदेशीकरण यांत अंतर असते.

इतरांनी काय केले

युरोपातील सात देशांनी २००३ मध्ये १८० ए४००एम विमानांसाठी सुमारे २० अब्ज युरोंचा करार केला. विमान नवे, त्याचे टर्बोप्रॉप इंजिनही नवे. दोन्ही एकाच वेळी विकसित करण्याचा निर्णय महागात पडला. इंजिनाच्या नियंत्रण प्रणालीचे प्रमाणीकरण लांबले, पहिले उड्डाण डिसेंबर २००९ पर्यंत पुढे गेले आणि २०१० मध्ये खरेदीदार देशांना आणखी साडेतीन अब्ज युरोंचा आधार द्यावा लागला. पहिले विमान फ्रान्सला २०१३ मध्ये मिळाले.

चीनने उलट क्रम धरला. त्याच्या वाय-२० या अवजड विमानाने २६ जानेवारी २०१३ रोजी उड्डाण केले आणि जुलै २०१६ मध्ये ते सेवेत आले, तेही आयएल-७६ वर बसणाऱ्या जुन्या रशियन डी-३० इंजिनांवर. स्वतःचे डब्ल्यूएस-२० इंजिन त्याने नंतर बसवले. ब्राझीलने २००९ मध्ये हाती घेतलेले सी-३९० हे २६ टन क्षमतेचे विमान २०१५ मध्ये उडाले आणि २०१९ मध्ये हवाई दलात दाखल झाले. त्याला व्ही-२५०० हे इंजिन लावले गेले, जे ए-३२० प्रवासी विमानांवर वर्षानुवर्षे पारखलेले होते. भारतातील विमान कंपन्यांच्या तंत्रज्ञांनीही हे इंजिन बरेच हाताळले आहे. तिन्ही उदाहरणांचा निष्कर्ष एकच : इंजिन पारखलेले असेल तर दहा वर्षांत विमान उभे राहते. कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करावे लागले, हा भारताचा स्वतःचा अनुभवही तेच सांगतो.

धातूचा प्रश्न

चीनच्या यशात एक दुवा क्वचित सांगितला जातो. वाय-२० उडाले त्याच वर्षी सिचुआन प्रांतातील देयांग येथे ८० हजार टन दाबाचा घडाईचा प्रेस कार्यान्वित झाला. पंख आणि धड यांना जोडणारे, चाकांच्या यंत्रणेचा भार पेलणारे मोठे भाग एकसंध घडवायचे तर असा दाब लागतो. तुकडे जोडून तेच भाग केले तर वजन वाढते आणि सांध्यांत थकव्याच्या भेगा पडण्याचा धोका राहतो. अमेरिकेने १९५० मध्येच सरकारी खर्चाने अशा महाकाय प्रेसचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९५५ पर्यंत ५० हजार टनांचे दोन प्रेस उभे केले. सोव्हिएत संघाने ७५ हजार टनांपर्यंत मजल मारली. अवजड विमाने बनवणाऱ्या देशांच्या हाती आधी असे प्रेस आले, हा योगायोग नव्हे.

भारतात काही पावले पडली आहेत. हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेने दोन हजार टनांच्या प्रेसवर जग्वारच्या अडूर इंजिनातील टायटॅनियम चकत्या घडवल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि ते तंत्र ‘मिधानी’कडे सोपवण्यात आले. वाहनांचे सुटे भाग घडवत मोठ्या झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जने बोइंग ७३७ साठी टायटॅनियमचे भाग पुरवले. कोरबा येथे बाल्कोचा अॅल्युमिनियम कारखाना आहे. रायपूरहून सुमारे तीनशे किलोमीटरवरील नागपुरात अॅल्युमिनियमला वाहिलेले जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र आहे, अंबाझरीचा आयुध कारखाना आहे आणि हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालयही आहे. कोरबा ते नागपूर या पट्ट्यात धातू, संशोधन आणि वापरकर्ता तिन्ही आहेत. त्यांना एका उद्दिष्टाने बांधणारा प्रकल्प तेवढा नाही.

असा प्रकल्प काय करू शकतो, याचे उदाहरण उरल्यापासून तासाभराच्या अंतरावर, भिलाईत आहे. युद्धनौकांसाठी लागणारे विशेष पोलाद भारत पूर्वी आयात करत असे. हैदराबादच्या त्याच प्रयोगशाळेने पोलाद प्राधिकरणाबरोबर डीएमआर वर्गाचे पोलाद विकसित केले. नौदलाने ते स्वीकारले. २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथून सुमारे ३० हजार टन असे पोलाद गेले. नौदलाने आपली गरज आधी सांगितली, प्रयोगशाळेने सूत्र दिले, कारखान्याने चिकाटीने दर्जा गाठला. मालवाहू विमानाच्या बाबतीत हा क्रम अजून सुरूच झालेला नाही.

उरल्यातील कारखान्यांना या साखळीत कोणते स्थान मिळू शकेल, हे अतिशयोक्तीविना पाहायला हवे. स्पंज आयर्न आणि भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून मिळणाऱ्या पोलादात फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे उतरवणे अवघड असते. इमारतीच्या सळईला ते चालते, विमानाच्या चाकांच्या यंत्रणेला नाही. तेथे निर्वात भट्टीत पुन्हा वितळवलेले अतिशुद्ध पोलाद लागते आणि प्रत्येक तुकड्याचा इतिहास कागदावर असावा लागतो. लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देणारी बंगळुरूची ‘सेमिलॅक’ संस्था त्यात सूट देत नाही आणि देऊही नये.

मात्र विमानाभोवतीचे सारेच उडत नाही. विमान जोडताना त्याचा सांगाडा अचूक धरून ठेवणारे प्रचंड पोलादी साचे, जुळणी मंच, विमान ओढण्याचे दांडे, माल चढवण्याचे रॅम्प आणि गाड्या, हँगरचे सांगाडे ही कामे उरल्यासारख्या वसाहतींच्या आवाक्यातील आहेत. येथूनच मोजमापाची शिस्त, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि नोंदींची सवय रुजते. त्या पायरीवर टिकलेल्या चार-दोन कारखान्यांना पुढची पायरी दिसते. वाहन उद्योगातून विमान उद्योगात गेलेल्या पुण्याच्या कारखान्यांचा प्रवास याच मार्गाने झाला.

आक्षेप आणि उत्तर

या साऱ्याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. भारताला अवजड विमाने लागणार किती? सी-१७ आणि आयएल-७६ मिळून ती संख्या तिशीच्या आत राहते. १८० विमानांची मागणी असूनही युरोपची दमछाक झाली, तेथे तीस विमानांसाठी नवा आराखडा कोणत्या हिशेबात बसवायचा?

उत्तराचा एक भाग गजराजच्या कुटुंबातच आहे. आयएल-७६ च्या सांगाड्यावर आधारलेली आयएल-७८ ही हवेत इंधन भरणारी विमाने २००३ पासून हवाई दलात आहेत आणि त्याच सांगाड्यावर २००९ पासून टेहळणी रडार वाहणारी तीन ए-५० विमानेही आली. एक मोठा सांगाडा अनेक कामांना लागतो. तरीही ७५ टनांच्या वर्गावर थेट उडी घेणे शहाणपणाचे ठरणार नाही. २५ ते ३० टनांच्या मध्यम विमानात पारखलेले इंजिन वापरून आराखडा, पंख, उड्डाण नियंत्रण आणि प्रमाणीकरण यांचा अनुभव घ्यायचा आणि त्याच काळात मोठा प्रेस, अॅल्युमिनियम-लिथियम मिश्रधातू व टायटॅनियम यांची क्षमता उभारायची, हा क्रम अधिक विश्वासार्ह आहे.

म्हणूनच मध्यम मालवाहू विमानाच्या खरेदीचा करार पुढच्या तीस वर्षांवर परिणाम करणारा आहे. सी-३९०, सी-१३०जे आणि ए४००एम ही नावे त्यासाठी चर्चेत आली. एम्ब्राएरने महिंद्रशी आणि लॉकहीड मार्टिनने टाटांशी २०२४ मध्ये सहकार्याचे करारही केले. किती विमाने भारतात जोडली जाणार, हा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे : विमानातील मोठे घडीव भाग कोठे बनणार, त्यांचा धातू कोण वितळवणार आणि आराखड्यात बदल करण्याचा अधिकार भारतीय अभियंत्यांना मिळणार की नाही. ही कलमे करारावर सही होण्यापूर्वीच घालता येतात. सही झाल्यावर सौद्याची ताकद विक्रेत्याकडे जाते.

मोठ्या प्रेसची जबाबदारी मात्र सरकारलाच उचलावी लागेल. त्याचा खर्च एका कंपनीला परवडणारा नाही आणि त्याला पुरेसे काम मिळायला वर्षे लागतात. अमेरिकेतही तो सरकारी खर्चाने उभा राहिला होता. अवकाश, अणुऊर्जा, लढाऊ विमाने आणि मालवाहू विमाने यांची एकत्रित मागणी धरली तर भारतात त्याला काम कमी पडू नये. तो कोठे उभारायचा याचा विचार होईल तेव्हा कोरबाचा अॅल्युमिनियम, भिलाईचे पोलाद आणि मुंबई-हावडा लोहमार्ग यांच्या संगमावरील हा पट्टा विचाराबाहेर राहू नये. गजराज निवृत्त होण्याची तारीख कोणालाही लांबवता येईल तेवढीच लांबवता येते. त्याच्या जागी येणारे विमान भारतीय असावे अशी इच्छा असेल, तर त्याचा धातू ओतण्याची तयारी याच दशकात सुरू व्हावी लागेल.